दगडांवर नसलेलं नाव

सासूबाई,

तुम्ही गॉलवेला लेकीकडे गेलात, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला वाचता येत नाही, आणि हे दुसऱ्या कुणी वाचून दाखवलेलं मला चालणार नाही. तेव्हा पत्र घरातच राहील.

रीतीप्रमाणे मी बाळंतीण घरी राहिले आणि बाप्तिस्म्याला बाळ तुम्ही नेलंत. निघताना मी बजावलं होतं, "नाव लोर्कान." परत आलात ते हसतच. "घे गं, आमचा कोलमन घरी आला!"

कोलमन घरी आलेला नाही, सासूबाई. तुमचा मुलगा, माझा नवरा, बुडाला तो अजून समुद्रातच आहे. तुमचे सासरेही कोलमनच होते, तेही तिथेच. बुडालेल्यांची नावं कोरलेले दगड रस्त्याकडेला उभे आहेत; त्यांच्यावरूनच मी अक्षरं शिकले. पोटुशी असताना एकेक दगड पुन्हा वाचला. लोर्कान कुठेच नव्हता, म्हणून तेच नाव निवडलं.

तुमचं दुःख मला कळतं, माझंही तेच आहे. पण ते माझ्या लेकराच्या गळ्यात बांधू नका. पाद्रीबाबांच्या वहीत कोलमन राहिला तर राहू दे. या घरात त्याला हाक मी मारते. तुम्ही आलात की तोंडावरच सांगेन: लोर्कान म्हणाल, तरच तो मांडीवर मिळेल.

तुमच्या कोलमनचीच,
बार्ब्रा