शेंडा सोडून

आये, तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज तुझ्याशीच बोलायचंय. आज मी साहेबासमोर झाडावर चढलो. हो, शाळेचा मास्तर असून, धोतर वर खोचून!

आपल्या भातखाचरामागचं ऐनाचं रान आठवतंय ना? थंडी सरली की त्याच्या फांद्या उतरवायच्या, वाळवून खाचरात पसरायच्या, जाळायच्या, आणि त्या राखेत भाताचं बी टाकायचं. राब भाजल्याशिवाय या डोंगरात भात होत नाही. लहानपणी एकदा घाईघाईत मी एका ऐनाचा शेंडाच छाटला. कळल्यावर तू चुलीपुढून उठलीस नि पाठीत धपाटा घातलास. "मुंडकं उडवल्यावर मानूस जगतंय व्हय रं? म्होरल्या साली राब कशाचा करशील?" त्या दिवशी मला भाकरी वाढली नाहीस. पुढच्या वर्षी मात्र स्वतःचा कोयता माझ्या हातात दिलास. "घे. पर शेंड्याला हात लावलास तर बघ."

आणि आज जंगलखात्याचा साहेब चावडीवर येऊन सांगतो, हे रान आता राखीव, फांदी तोडायची नाही, राबानं जंगल मरतं. वर मला म्हणतो, "मास्तर, तुम्ही शिकलेले. समजवा यांना." माझं डोकंच फिरलं. पलीकडच्या डोंगरावर याच खात्याच्या परवान्यानं ठेकेदारानं कोळशाच्या भट्ट्या लावल्या, झाडं बुंध्यापासून नेली, तेव्हा नाही मेलं जंगल? चोर सोडून संन्याशाला फाशी! मी म्हणालो, "मला माझ्या आईनं वेगळं शिकवलंय. चला, दाखवतो." सगळे मागोमाग रानात आले. मी घरचा कोयता घेऊन चढलो, फांद्या उतरवल्या, शेंडा सोडला. खालून लोक ओरडतायत, "मास्तर, उतरा राव! नोकरी जाईल!" मी उतरतोय कशाला! काम पुरं करूनच उतरलो.

साहेबानं कोयता जप्त केला. म्हणाला, उद्या जुन्नरच्या कचेरीत येऊन माफी मागितली तर नोकरी राहील, कोयताही परत मिळेल. नाही मागणार. गेली नोकरी तर गेली, खाचर कुठं पळून जात नाही. पावसाळा सरला की त्याच झाडाला पालवी बघायला ये म्हणावं त्याला.

हे लिहिलेलं तुला पोचायचं नाही, म्हणून सांगतो. तो कोयता तुझा आहे, हे मी तिथं कुणाला बोललो नाही. बोललो असतो, तर तो परत मिळावा म्हणून तिथंच माफी मागितली असती.