पायावरचा बर्फ

६ सप्टेंबर १९८६
चर खणून झाले! दोन दिवस लागले. माती गाळाची, बोटांत चोळली की पिठासारखी. आमच्या मुस्तिक्कावारा गावात सगळीकडे हीच. पाणी धरून ठेवते, थंडीत गोठून फुगते आणि वरचं जोतं उचलते. बापाची सौना, वाफेची न्हाणी, अशीच तिरकी झाली होती. दर वसंतात म्हातारा शिव्या घालत तिचं दार तासायचा. माझ्या घराचं असं होणार नाही. चाळीस वर्षं लोकांचे पाये घातले, हा पहिला स्वतःचा.

बायको हिल्क्का आली होती. दोऱ्या बांधून तिला स्वयंपाकघर दाखवलं, खिडकी कुठे येणार तेही. तिचे गुडघे गेलेत. काजानीतला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. इथे एक पायरीसुद्धा चढायला नको.
"इथून शहराला बस किती?" तिने विचारलं.
"सकाळी एक. शाळेच्या दिवशी."
मान हलवली. दोऱ्यांच्या आत उभी राहून वेलचीचा पाव खाल्ला. काही बोलली नाही, म्हणजे पसंत आहे.

२७ सप्टेंबर
काँक्रीट ओतलं. गावातले सहा जण मदतीला आले, न बोलावता. शेजारचा काउको मोइलानेन सगळ्यांत आधी, पहाटेच दारात. आम्ही एकाच बाकावर शिकलो. आयुष्यभर जंगलात झाडं पाडली त्याने, पण घमेलं अजून तिशीतल्यासारखं उचलतो.
"ओइवा, लेका, हे घर आहे की धरण?"
"तुझ्या घरासारखं डुगडुगायला नको म्हणून!"
संध्याकाळपर्यंत एवढंच बोलणं झालं. हिल्क्काने माशाचं सूप केलं. कढई रिकामी.

१८ ऑक्टोबर
जोतं पूर्ण. चारी बाजूंनी जमिनीत थर्माकोलच्या जाड पाट्या टाकल्या, बाहेर उतार देऊन. लेव्हल तीन वेळा बघितली. केसाचाही फरक नाही!

आता काळजी एकच. घरात चूल पेटती असली की ऊब खाली झिरपते आणि पायाखालची जमीन गोठत नाही. पण या हिवाळ्यात माझ्या घराला ना भिंती ना चूल. पाट्या एकट्या पुरणार नाहीत. म्हणून वर पेंढा पसरला. त्यावर बर्फ पडला की झालं. बर्फासारखी गोधडी नाही, आणि आभाळातून फुकट येते. तो फक्त हलवायचा नाही.

सुज्ञ माणसाने पाया मे महिन्यात घातला असता. पण मला मेमध्ये भिंती उभ्या करायच्यात. पुढचा नाताळ इथे.

हिल्क्काला जेवताना हे सगळं सांगितलं. बरं म्हणाली. काउकोला काही सांगितलं नाही. त्याला काय सांगायचं? स्वतःच्या नळाचा पाइप गोठू नये म्हणून तो दरवर्षी त्यावर बर्फ लोटतो.

३ नोव्हेंबर
दूर केमीला आलो. कारखान्याच्या कामावर. नोकरीचा शेवटचा हिवाळा, मग पेन्शन. काजानीला महिन्यातून एकदा जाणार, गावाकडे जमणार नाही.

१४ डिसेंबर
रविवार. हिल्क्काला फोन केला.
"गावात बर्फ पडला का?"
"काउको म्हणतो, पुष्कळ पडलाय."
झकास.

११ जानेवारी १९८७
उणे अडतीस. बराकीत गाद्या ओढून सगळे चुलीभोवती. तिसरा आठवडा चाललाय, थंडी हटत नाही. बाकीचे कुरकुरतात, मी मात्र निवांत. माझा पाया गोधडीखाली आहे.

१२ जानेवारी
कंटाळा. पत्त्यांत हरलो.

१५ फेब्रुवारी
काजानीला दोन दिवस. हिल्क्का पोहायला जाते तिथल्या बायकांबद्दल बोलत होती, आणि चर्चच्या गायनाबद्दल. मी तिला छपराच्या पत्र्याचे नमुने दाखवले. लाल की काळा? म्हणाली, तुला आवडेल तो.

१० एप्रिल
काम संपलं. घड्याळ दिलं आणि हस्तांदोलन.

१३ एप्रिल
काजानीहून बसने गावी गेलो. सगळीकडे मांडीएवढा बर्फ. फक्त माझ्या जोत्याभोवती नाही! चारी बाजूंनी दोन-दोन मीटर साफ, कडा फावड्याने सरळ कापलेल्या. पेंढा बाजूला नीट रचून ठेवलेला. उत्तरेचा कोपरा चार बोटं वर. मधे भेग, तिच्यात माझी पेन्सिल आरपार गेली. लेव्हल लावायची गरजच नव्हती. तरी लावली.

बर्फात बसलो. पँट भिजली तेव्हा उठलो.

काउकोने केलंय, दुसरं कोण? फावडं धरायची त्याची पद्धत मी ओळखतो. त्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. भलतंसलतं तोंडातून जाईल आणि साठ वर्षांची दोस्ती जाईल.

१५ एप्रिल
दोन रात्री बापाच्या तिरक्या सौनेत काढल्या. आज गेलोच. कॉफी ठेवली त्याने. कपाला हात लावला नाही.
"काउको, बर्फ का काढलास?"
त्याने स्वतःचा कप खाली ठेवला.
"तूच सांगितलंस म्हणून!"
"मी?"
"हिल्क्काचा फोन आला होता, नोव्हेंबरात. ओइवा म्हणतो जोतं मोकळं ठेव, काँक्रीटला वारा लागू दे. पेंढ्यात उंदीर होतात, तोही काढ. म्हणून प्रत्येक बर्फानंतर काढला. पाठ मोडली माझी!"
"आणि तुला नवल नाही वाटलं? तू, पाइपावर बर्फ लोटणारा?"
"वाटलं की. पण पाये तू घालतोस. मी लाकूडतोड्या, तुला काय विचारणार?"
मग हळूच म्हणाला, "चूक झाली का रे?"
डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. नाही म्हणालो. कॉफी प्यालो, दोन कप.

परतीची बस उद्या सकाळी. हिल्क्काचा गोंधळ झाला असणार. वय झालं. मी जेवताना सांगितलं ते तिने उलटं ऐकलं. रागवायचं नाही असं ठरवलंय. कोपरा फोडून पुन्हा घालता येईल. एक वर्ष जाईल, बस.

१६ एप्रिल
सांगितलं तिला. तुझा गोंधळ झाला, जाऊ दे, म्हटलं. ती बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवली.
"गोंधळ? चाळीस वर्षं पाये घालणाऱ्याचा संसार केलाय मी. जमीन कशी फुगते हे मला कळत नाही? गुडघे माझे आहेत, ओइवा, आणि माझं पोहणं, माझं गाणंही इथेच आहे. घर तुझं होतं."
"मग तोंडाने बोलायचं होतंस!"
"बोलले असते तर तू सगळं ऐकून घेतलं असतंस. आणि तरीही बांधलं असतंस."
खरं आहे. बांधलं असतं.