खंडेनवमीला बसवलेला सर्व्हर

अप्पा, तुमच्या सुनेनं खंडेनवमीला माझा सर्व्हर बंद केला, आणि याला कारण तुम्हीच आहात.

सर्व्हर म्हणजे फार काही नाही, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर. तो सदा चालू असतो. घरातले फोटो, गाणी, पिक्चर सगळं त्याच्या पोटात. टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर कुणीही काढून बघावं. निवृत्त झाल्यावर व्हिडिओ बघून शिकलो. बिघडवत बिघडवत शिकलो म्हणा. काकानं आपल्या पिठाच्या गिरणीत टेप लावून तुमचं बोलणं भरून घेतलं होतं, ती कॅसेटही मी त्यात चढवली. पुढं मूळ कॅसेटची फीत गुंतून तुटली. म्हणजे तुमचा आवाज उरला तो त्या एका डिस्कवर.

आणि ही बाई सकाळी न्हाऊन येते काय, विळी, खुरपं, मिक्सर ओळीनं मांडते काय, आणि सर्व्हरचं बटण दाबून वर हळदीकुंकू वाहते काय! निम्मं कुंकू पंख्याच्या जाळीतून आत. "अगं, कामून बंद केलास?" तर म्हणते, "बारा महिने फिरायलंय बिचारं. एक दिवस बसू द्या की." म्हटलं, ती गिरणी न्हाई! "मग काय हाय? गरम व्हायलंय, घूं घूं करायलंय, करंट खायलंय. मामंजी असते तर त्यांनीच बंद केलं असतं."

केलंच असतं तुम्ही. मी पोरगा असतानाची ती खंडेनवमी आठवते: गिरणीच्या पट्ट्याला झेंडूचा हार घातलाय, शेजारगावची एक बाई डोक्यावर ज्वारी घेऊन आलीय, तुम्ही न्हाणीत आहात म्हणून मी इंजिन सुरू करतो. तुम्ही ओल्या अंगानं धावत येता. "लोखंडाला बी जीव असतो रे गाढवा! एक दिवस दम न्हाई का तुला?" वर आपल्या डब्यातलं होतं नव्हतं ते पीठ त्या बाईला देऊन टाकता. त्या दिवशी आईनं भांडी आपटत भात टाकला होता.

लोखंडाचं तसं असेल, अप्पा. जुन्या डिस्कचं उलटं आहे. फिरतेय तोवर फिरते; एकदा थंड पडली की जागची हलायला मागत नाही. दसऱ्याच्या सकाळी बटण दाबलं तर नुसतं टक, टक. तेवढ्यात आमचंच वायफाय वापरणारे शेजारचे अण्णा भिंतीवरून ओरडतात, "अवो, पिक्चर अर्धाच ऱ्हायलाय की! हिरो मरतो का न्हाई तेवढं तर सांगा!" त्या पिक्चरच्या मी दोन-दोन कॉपी करून ठेवल्यात. तुमच्या आवाजाची मात्र एकच. दारातून ही हळूच विचारते, "मामंजींचं त्याच्यातच हाय?" मी व्हय म्हटलं. मग ती तिथंच उंबऱ्यावर बसली. सोनं द्यायला आलेल्या माणसांनाही तिनं बाहेरच्या बाहेर चहा पाजून वाटेला लावलं.

किती वेळा वायर काढली, किती वेळा घातली. दुपारनंतर कधीतरी डिस्कनं गुरगुर करत फेर धरला, आणि मी लगेच सगळं दुसऱ्या डिस्कवर घ्यायला लावलं.

आता रोज हिचं एकच. "झालं का? लावा की, ऐकू मामंजींचं." मी खेकसतो, "हात लावू नकोस, कॉपी व्हायलीय अजून."

कॉपी दसऱ्यालाच झाली, अप्पा. चिडून बोलत असलो की तुम्ही समोर बसल्यासारखे वाटता. आवाज लावला, की तुम्ही नाही आहात हे पुन्हा कळेल. म्हणून लावत नाही.