गाल दाबणारं हेल्मेट

३ सप्टेंबर, मंगळवार

धाकट्या जावेला नोकरी लागली! पाणी तपासायच्या खात्यात. वस्त्यावस्त्यांवर जायचं, टाक्यांतल्या पाण्याच्या बाटल्या भरून आणायच्या. म्हणजे मोटारसायकल आली, ऊन-पाऊस-थंडी आली. मी नऊ वर्षं लॅबसाठी घरोघर फिरून रक्त गोळा करते, तसंच की हे! नवऱ्याने लगेच विनोद केला — "घरात आता दोन नमुने झाले." सासूबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

मला नोकरी लागली तेव्हा म्हणाल्या होत्या, "जपून जा." दोन शब्द. आज शेजारच्या तीन घरी स्वतः जाऊन सांगून आल्या. सून आमची सरकारी गाडीवरून फिरणार म्हणे! गाडी सरकारी नाहीच मुळी. दिराची जुनी आहे.

४ सप्टेंबर

जळते मी. लिहून टाकलं. लिहिल्याने काही बरं वाटलं नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

गुरुवार माझा. अर्धी सुट्टी घेते आणि सासूबाईंना मागे बसवून गुडघ्याच्या व्यायामाला नेते. सहा वर्षं झाली. जाता-येता अर्धा-अर्धा तास त्या माझ्या कानाशी बोलतात. घरात जे कुणाला सांगत नाहीत ते. थोरला किती हट्टी होता, सासऱ्यांनी कसा दोन महिने अबोला धरला होता. गाडी थांबली की गप्प. हा तास मी कुणाला देणार नाही. नवऱ्यालाही नाही.

आजचा सगळा तास धाकटीवर गेला. "किती गुणाची पोर! पण तिला जॅकेट-हेल्मेटमधलं काही कळत नाही बघ. तूच निवड. तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

सहा वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलं, ते कुणासाठी? तिच्यासाठी! तरी मी "हो आई" म्हणाले. वरून हेही ऐकवलं त्यांनी — "माझं हेल्मेट घेताना पाऊण तास डोक्यावर ठेवून बसवलं होतंस मला. गाल सुजले होते माझे." मी म्हटलं, दाबलंच पाहिजे आई, सैल हेल्मेट म्हणजे टोपी. हसल्या.

६ सप्टेंबर

धाकटी मोबाइल घेऊन आली. "ताई, हे बघा ना, ऑल सीझन लिहिलंय! तिन्ही ऋतूंना एकच!" तिला वाटतं लिहिलंय म्हणजे तसंच असतं. बिचारी. (नाही, बिचारी नाही. चिडले होते.)

सांगितलं तिला सगळं. ज्या जॅकेटच्या आत पावसाचं अस्तर असतं त्याचं बाहेरचं कापड चिंब भिजतं, ओझं होतं, दोन दिवस वाळत नाही. त्यापेक्षा जाळीचं घे, उन्हाळ्यात वारा लागतो. थंडीचं अस्तर चेन लावून आत बसणारं. आणि पावसाचा कोट वेगळा, वरून चढवायचा, एक माप मोठा. सगळं मिळून त्या ऑल सीझनच्या निम्म्यात होतं. कोपर-खांद्याला कवच असतंच, पाठीला बहुतेक नुसता स्पंज खुपसलेला असतो, तो काढून खरं कवच टाकायचं. खर्च करायचा तर तिथे कर, रंगावर नको.

ती वहीत लिहून घेत होती! नऊ वर्षांत माझं बोलणं कुणी वहीत उतरवलेलं नाही. पाघळलेच मी जरा.

८ सप्टेंबर, रविवार

आज खरेदी झाली. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या मीच ते गोड करून सांगेन.

हेल्मेट-जॅकेटच्या दुकानात गेलो, पहिल्या मजल्यावर. दुकानदाराचा चष्मा जाड, म्हणून सगळे त्याला चष्मेवालाच म्हणतात. मी, धाकटी आणि हट्टाने आलेल्या सासूबाई. जॅकेट झकास मिळालं. मी धाकटीला तिथे मांडून ठेवलेल्या गाडीवर बसवलं, हँडल धरायला लावलं. उभं राहून बाही बरोबर वाटते, हात पुढे केला की मनगट उघडं पडतं. दोन जॅकेटं तिथेच बाद. तिसरं अंगासरशी बसलं. करडं, हातावर चमकणाऱ्या पट्ट्या. सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या, "हिला काय, काहीही शोभतं!" माझं जॅकेट पहिल्यांदा बघून म्हणाल्या होत्या, "रॉकेटमधून जायचंय का?"

मग हेल्मेट. कपाळावरून फीत फिरवली — मधला साइज, शंकाच नको. तो घातल्याबरोबर धाकटी कळवळली, "अय्या ताई, गाल किती दाबतंय! बोलताही येईना." तेच तर हवं असतं! नवं हेल्मेट गाल दाबतंच. महिन्याभरात आतला स्पंज बसतो आणि ते डोक्याला नीट होतं. दुकानात जे मऊ-मऊ वाटतं ते महिन्याने डुगडुगतं, आणि पडल्यावर डोक्यावर राहीलच याची खात्री नाही. लॅबमधल्या सगळ्या पोरांना मी हे घोकून घोकून सांगितलंय. जिभेवर आलंच होतं.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई. आता गुरुवारी मी हिच्याच मागे बसेन. तुला तेवढाच आराम."

आराम! कुणी मागितला होता आराम?

धाकटीने तोवर मोठा साइज चढवला. त्याच रंगाचा, बाहेरून दोन्ही अगदी एकसारखे. "ताई, हे मस्त! काही दाबत नाही." चष्मेवाल्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे 'तुम्हीच सांगा' असं. सासूबाईंनीही पाहिलं. मी म्हणाले, "तुला बरं वाटतंय ना? मग घे."

एवढंच. खोटं एक अक्षर बोलले नाही.

९ सप्टेंबर

पट्टा असतो की हनुवटीला. घट्ट बांधला की झालं. सगळे काय माझ्यासारखे कीस पाडत बसतात का? अर्धी दुनिया सैल हेल्मेट घालून फिरते.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गेल्या दोघी. मी खिडकीतून बघितलं. सासूबाईंचा हात धाकटीच्या खांद्यावर, मान तिच्या कानाकडे. वळणावर दिसेनाशा होईपर्यंत बोलतच होत्या. मला म्हणे आराम! आरामात मी तीन कपाटं आवरली आणि एक कप फोडला.

परतल्या तेव्हा दोघींचं खुदुखुदु चाललं होतं. "काय झालं?" — "काही नाही गं, आमचं आपलं." आमचं आपलं! नव्याचे नऊ दिवस म्हणतात. मोजून बघणार आहे मी.

१५ सप्टेंबर, रविवार

मुद्दाम धाकटीच्या मागे गाडी घातली. ती भाजी आणायला चालली होती, मलाही अचानक भाजी हवी झाली. तिच्या डोक्यावर नजर ठेवून होते. गतिरोधक आला, खड्डा आला. हेल्मेट हललं नाही. नवं आहे अजून, स्पंज बसला नाही. पुढच्या महिन्यात हलेल.

मी काय बघत होते? हलावं म्हणून की हलू नये म्हणून? हे वाक्य लिहून मघापासून त्याच्याकडे बघत बसले आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज रक्त घ्यायला ज्या घरी गेले तिथे माणूस चार महिने अंथरुणावर. वय माझ्याच नवऱ्याएवढं. ओळख देतो, मधेच विसरतो. पलंगाशेजारी खिळ्याला हेल्मेट टांगलेलं. एक ओरखडा नाही त्याला! बायको म्हणाली, "पहिल्याच धक्क्याला निघून लांब पडलं हो. दोन नंबर मोठं होतं. भावाचं घालून गेले होते."

मला शीर सापडेना. दोनदा टोचावं लागलं. नऊ वर्षांत माझ्यावर ही वेळ आली नव्हती. आणि बाई मलाच म्हणाली, "होतं असं ताई, पाणी घ्या."

घरी आले तर दोघी व्यायामाला गेलेल्या. त्या येईपर्यंत दारात उभी होते. धाकटी म्हणाली, "अय्या, ताई आमची वाट बघतायत!" आणि गळ्यात पडली. चोराच्या मनात चांदणं — मला वाटलं, हिला कळलंय.

२० सप्टेंबर

सांगायला गेले, आणि विचारलं काय? "साबण संपलाय का?"

२२ सप्टेंबर, रविवार

युक्ती केली. म्हटलं, "आपण हेल्मेटं बदलूया का? तुझा रंग मला फार आवडलाय." माझं मधल्या साइजचं, तिला बरोबर बसलं असतं. मोठं मी कपाटावर टाकून दिलं असतं, कुणाला पत्ता नाही! साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

धाकटी लाजली. "नको ना ताई. तुम्ही एवढं निवडून दिलंत. आणि आता माझं मस्त बसलंय डोक्यावर." मस्त बसलंय! रडूच आलं मला. कांदा चिरत होते, निभावलं.

तिचा राग यावा म्हणून आज फार प्रयत्न केला. तिने बादली वाटेत ठेवली होती, त्यावरून बोललेही. पण तो राग काही टिकेना. पोरगी वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

२५ सप्टेंबर, बुधवार

ठरलं. उद्या सकाळी चष्मेवाल्याकडे जाऊन मधला साइज विकत आणणार आणि तिच्या हातात ठेवून सगळं सांगणार. मला माहीत होतं, मी मुद्दाम गप्प बसले, हे असंच. बहाणा नाही, रंगबिंग नाही.

ती सासूबाईंना सांगेल. सांगू दे. मग त्या माझ्या मागे कधी बसणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. जी बाई सैल हेल्मेट बघून गप्प राहते तिच्या मागे कोण बसेल? मी तरी बसले नसते. एवढं सगळं मी केलं कशासाठी, तर गुरुवारच्या एका तासासाठी. आता तो तासही जाणार. हसावं की रडावं!

पाऊस-थंडीचं सगळं कळतं मला. कुठलं कापड किती भिजतं तेही कळतं. शहाणी!

२६ सप्टेंबर, गुरुवार

चष्मेवाला म्हणाला, "आता आणखी कशाला? मधला साइज त्याच सोमवारी नेला की तुमच्या सासूबाईंनी. मोठा परत केला. रिक्षाने एकट्याच आल्या होत्या, कठडा धरून जिना चढल्या. म्हणाल्या, मोठ्या सुनेने मधलाच सांगितला होता, मीच मधे बडबड करून घोळ घातला."

त्याच सोमवारी. म्हणजे खरेदीच्या दुसऱ्याच दिवशी.

धाकटीला विचारलं. तिलाही सासूबाईंनी तेच सांगितलंय. आणि वर — "तिला बोलू नकोस हं. मनाला लावून घेईल ती."

अठरा दिवस त्या रोज माझ्यासमोर जेवायला बसत होत्या.

आज धाकटीला लांबच्या टाक्यांवर जायचंय, म्हणून व्यायामाला मीच न्यायचं. बाहेरून हाका मारताहेत, "अगं, येतेस ना? उशीर होतोय." मी हेल्मेट खोलीतूनच घालून, काच खाली ओढून जाणार आहे.