विनेशच्या होडीचे इंजिन पुन्हा समुद्रात न जाण्याबाबत

मी, नीराबाई काशिनाथ तांडेल, वय ६४, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार मुरुड, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, लिहून ठेवते. झोप लागत नाही, पण बुद्धी ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. आधीचे मृत्युपत्र माझा एकुलता मुलगा विनेश याच्या नावे होते. ते रद्द समजावे.

१. होडी फुटली. इंजिन वर काढले, ते दीर हिरामणभावजींच्या पडवीत आहे. अर्धे त्यांचे, अर्धे माझे.

विनेश त्यांना म्हणाला होता, "काका, इंजिन तापलं का ऑइल पान्यासारखं होतं." भावजी पहाटे जेटीवर, इंजिन थंड असताना, ऑइल मोजायची पट्टी काढून बघत. थंड ऑइल बोटांना दाट, बरे लागे. "खुणेच्या वर हाय रं! लोकांची इंजिनं ऑइल खातात, आपलं उलटं वाढवतंय!" दोघेही हसले. पट्टी भरलेली दिसते म्हणून ऑइल बदलले नाही.

ऑइल वाढत नसते. इंजिनच्या डिझेल पंपातून डिझेल झिरपून त्यात मिसळत होते आणि ते पातळ होत गेले. मेस्त्रीने इंजिन उघडले तेव्हा हे कळले. त्याआधीच दिघीच्या खाडीच्या तोंडाशी इंजिन जाम होऊन होडी खडकावर गेली होती. विनेश एकटा होता. तो सापडला नाही.

आता भावजी तेच इंजिन त्यांच्या मुलाच्या, गणराजच्या, होडीला बसवू म्हणतात. "नवीन पंप टाकलाय वहिनी, आता काय होनार न्हाय." मी असेपर्यंत माझ्या हिश्शाला हात लावू देणार नाही. माझ्यामागे माझा अर्धा भाग तोडून भंगारात द्यावा. अर्धे इंजिन चालत नाही हे मला कळते, म्हणूनच तसे लिहिले आहे.

२. घर व मागचे चार माड गणराजला. अट एकच, ते इंजिन लावून त्याने समुद्रात जाऊ नये. दुसरे घेतले तर ऑइल गरम असताना बघावे. पट्टीवर वाढलेले दिसले तर माघारी फिरावे.

३. भावजींना माफ करा, असे सगळे सांगतात. माफी माझ्याकडे नाही. असती तर इथे त्यांच्या नावे लिहिली असती. ती पट्टी मात्र त्यांना द्यावी.

४. विनेशला अग्नी देता आला नाही. मला गणराजने द्यावा. त्यासाठी तो घरी परत आलेला असला पाहिजे.

वाचून, समजून घेऊन सही केली.
नीराबाई काशिनाथ तांडेल
मुरुड, ११ फेब्रुवारी २०२४

नीराबाईंनी आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. केसर रामा पेरेकर
२. विश्वंभर गोविंद दांडेकर