परत न आलेले पेशंट

जबलपूर, सप्टेंबर १९६५

ती. रत्नाकरमामा,

डॉक्टरकी शिकवताना तुम्ही म्हणायचे, "पेशंट परत आला नाही म्हणजे बरा झाला." इथे मी डॉक्टर आहे त्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लढाईची घाई आहे, तरी प्रत्येक खेपेतले काही तोफगोळे डागून बघतातच. तसंच मीही माझ्या न परतलेल्या पेशंटांना घरी जाऊन विचारून राहिली, की माझं निदान खरं निघालं का. चुका कळत गेल्या, तशा कमीही झाल्या.

मग तुमच्याही एका पेशंटला विचारलं. तिच्या छातीतली जळजळ तुम्ही पित्ताची ठरवली होती. दुखणं हृदयाचं निघालं. माझ्या औषधाने ती सुधारतेय, आणखी सुधारेलच. तुम्हाला कळू न देण्याची तिने शपथ घातली, म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही.

रोज तुमचं ताट तीच वाढते, मामा.

तुमचीच भाची,
डॉ. विभावरी