ह्यांच्या वाटचा घोट

११ जून, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार कागदावरूनच घे. वाकायचं म्हटलं की गुडघे ओळख देत नाहीत. तुझं कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? नसेल आलं तरी चालेल. फोनवर आपण दोघी नुसतं "काय? काय?" करत बसतो, त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी अशी, की तुझी धाकटी बहीण रोज संध्याकाळी वाईन घेते. बसलीस का खाली? आता पुढचं वाच.

ऑपरेशनमध्ये ह्यांचा आवाज गेला, ते तुला माहीत आहे. पण आता श्वास गळ्याच्या भोकातून चालतो, नाकाशी त्याचा संबंधच उरला नाही, म्हणून वासही गेला. हे आम्हाला घरी आल्यावर कळलं. माझा कांदा करपून कोळसा झाला आणि हे शेजारी बसून शांतपणे पेपर वाचत होते! जेवण पोटातल्या नळीने. जन्मभर हॉटेलात लोकांना वाईन निवडून देणारा माणूस, नुसत्या वासावर बाटली कुठली ते सांगायचा. आता नाक नुसतं चष्मा ठेवायला.

एक दिवस हॉटेलातले जुने आचारी भेटायला आले. सवयीने बाटली घेऊन आले आणि दारातच ओशाळले. ह्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "उघड. तू पी. मला सांग."

"मी?" मी म्हटलं. "उभ्या जन्मात थेंब घेतला नाही, आता म्हातारपणी कसली थेरं!"

पाटी पुन्हा पुढे आली. "म्हणूनच. तुझी जीभ कोरी आहे."

पहिल्या घोटाला एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं आणि म्हटलं, "आंबट." ह्यांनी लिहिलं, "आंबट कशासारखं?" मला रागच आला. आंबट म्हणजे आंबट, त्यात कशासारखं काय! पण सोडतात होय? पांढऱ्या उशीच्या अभ्र्यासमोर ग्लास तिरपा धरून रंग बघायला लावला. मग ग्लास गोल हलवून वास. मग लहानसा घोट, तो जिभेवर धरून ओठांतून थोडी हवा आत ओढायची. मला ठसका लागला आणि सगळी वाईन अभ्र्यावर. आचारी पोट धरून हसले. हेही हसले. आवाज नाही, खांदे तेवढे हलतात.

मग हळूहळू जमायला लागलं. एका पांढऱ्या वाईनला मी म्हटलं, "ओल्या सुती कापडावर गरम इस्त्री टेकवली की येतो ना, तसा वास." हे ताठ उठून बसले. पाटीवर लिहिलं, "अगदी बरोबर. मला कधी सुचलं नाही." ताई, शाळेत माझा कधी नंबर आला नाही, त्या दिवशी आल्यासारखं वाटलं.

आणि घोट गिळला की चव संपते असं मी समजत होते. खरी तर नंतर येते, ह्यांच्या भाषेत तो वाईनचा "शेवट". ग्लास खाली ठेवावा, आता झालं म्हणावं, आणि मागून हळूच काळ्या मनुकांची गोडी यावी.

खरं सांगू? मला आवडायला लागलंय. दुपारपासून संध्याकाळची वाट बघते. ह्यांच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरत नाही आणि मी मिटक्या मारते. परवा रडू फुटलं, ग्लास ठेवून दिला. ह्यांनी तो उचलून परत माझ्या हातात दिला.

डॉक्टर काय म्हणतात विचारलंस. तपासण्या चालू आहेत. त्यांचं सगळं सावकाश असतं. बाकी ठीक. शिवणाची कामं घेते आहे.

तुझी,
धाकटी

२९ ऑगस्ट

प्रिय ताई,

पत्र पोचलं. भाच्याने तुला पाटीवर लिहून कळवलं, तेही समजलं. मी बरी आहे. जेवते. मशीनवर बसते. सरळ शिवण पडते, बाही लावायला घेतली की हात चुकतो.

मागच्या पत्रात तुला थापा मारल्या. तपासण्या तेव्हाच झाल्या होत्या. आजार फुप्फुसात उतरला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आता त्यांना हवं ते करू द्या." मला ते कागदावर उमटवायचं नव्हतं, एवढंच.

आता जे कोणालाच सांगितलं नाही, ते तुला सांगते.

जायच्या दोन दिवस आधी ह्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. निवृत्त होताना मालकांनी दिलेली बाटली तिथे होती. ह्यांनी ती कधी उघडली नव्हती. खडू धरायचं बळ उरलं नव्हतं, माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायचे. काढलं, "आज."

मी बूच ओढलं, वाईन ओतली, ग्लासात नाक घातलं. ताई, बाटली गेलेली होती. बूच बिघडलं की वाईनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीत कुबट झालेल्या फडक्याचा वास येतो. ह्यांनीच एका बाटलीवर मला तो ओळखायला शिकवलं होतं. शंकाच नव्हती. सुरुवातीच्या दिवसांत मला कळलंही नसतं. चांगलं शिकले, म्हणून कळलं.

हे टक लावून बघत होते.

मी घोट घेतला, तोंडात धरला, गिळला आणि सांगायला लागले. "रंग विटकरी, कडेला फिका. आधी चामडं, पण नव्या चपलेचं नाही, वापरून मऊ झालेल्या पट्ट्याचं. मग सुकं अंजीर. मग पेन्सिल तासल्यावरचं लाकूड." आजवर चाखलेल्या बाटल्यांत जे जे चांगलं भेटलं होतं, ते सगळं त्या एका ग्लासात ओतलं.

ह्यांनी ओठ हलवले. "शेवट?"

"शेवट अजून चालूच आहे," मी म्हटलं.

ह्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने आणखी एक घोट घ्यायची खूण केली. घेतला. अख्खा ग्लास संपवला, ताई, चेहरा सरळ ठेवून. मग ह्यांनी माझा हात ओढला आणि तळव्यावर लिहिलं, "आता येतं तुला."

पुन्हा काही लिहिलं नाही. मी उशी सारखी करत होते, तेव्हा गेले. सकाळ होती. मला वाटलं, झोप लागली.

ते तीन शब्द नसते तर बरं झालं असतं. नाही, नसते तर बरं झालं असतं कसं म्हणू? पण काय येतं मला? चाखायला येतं, की खोटं बोलायला? पहिल्याच वासाला माझं नाक आवळलं असेल का? गिऱ्हाइकाच्या भुवईवरून बाटली परत न्यायची की नाही हे ओळखण्यात त्या माणसाची हयात गेली. त्यांना कळलं असेल, तर मी फसवत होते आणि ते मला फसवू देत होते. कळलं नसेल, तर ते सुखात होते आणि त्या खोलीत मी एकटीच होते. यातलं कुठलं मागावं, तेही मला ठरवता येत नाही.

तू आम्हा दोघांना लग्नाच्या आधीपासून ओळखतेस. कळलं होतं का गं त्यांना? तुला वाटेल ते लिही, पण मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तसलं आता मला लगेच ओळखू येतं.

उत्तर लवकर धाड. पोस्टमन सोडला, तर दुपारचं दार वाजवणारं आता कोणी नाही.

तुझीच,
धाकटी